गावाचं नाव

संक्रांत मागे पडली की जालन्याच्या उन्हाला एक तिरपेपणा येतो. सूर्य डोक्यावर न चढता दक्षिणेच्या कडेकडेनं चालतो आणि वर्षभर अंधारात राहिलेल्या जागांनाही थोडा वेळ हात लावून जातो. आमच्या घरात या दिवसांत ऊन थेट कपाटामागच्या भिंतीपर्यंत पोचतं. तिथं किती धूळ साचली आहे ते मला दर वर्षी नव्यानं कळतं. रस्त्यावरून तुरीच्या भाऱ्यांचे ट्रॅक्टर जातात, वाळक्या शेंगा खुळखुळत राहतात, आणि सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं.

हा फोटो काढायचा ऋतू. निदान माझ्यासाठी तसा होता. पावसाळ्यात सगळं हिरवं होतं, पण दगड काळा पडतो आणि त्यावरचं कोरीवकाम त्या काळेपणात बुडून जातं. उन्हाळ्यात ऊन वरून कोसळतं, चेहरे सपाट होतात. पौष-माघातलं ऊन बाजूनं येतं. झिजलेल्या नाकालाही ते सावली देतं, मिटत आलेले ओठ पुन्हा उघडतं. असं ऊन पडलं की अजून माझा हात कपाटाकडं जातो. कॅमेरा तिथंच आहे. त्याच्या पट्ट्यावर बुरशीचे पांढरे ठिपके आलेत. मी बघते आणि दार लावते.

मी नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची आणि आठवड्यानं उलगडून बघायचं, शंभरातले किती उगवले. दिवसभर बारीक बघायचं काम. त्या सवयीमुळंच असेल, मला जुने दगड दिसायला लागले. बीजोत्पादनाचे प्लॉट तपासायला आम्ही गावोगाव जायचो. एखाद्या बांधावर वीरगळ उभा असायचा, कुणीतरी त्याला शेंदूर फासून देव करून टाकलेला. कुठं पाराच्या कडेला अर्धा नंदी, त्याच्या पाठीवर वाळत घातलेलं धोतर. मामेभावाचा जुना कॅमेरा मी मागून घेतला, रविवारी फिरायला लागले आणि इंटरनेटवर एक पान उघडून त्यावर फोटो टाकायला लागले. जालना म्हटलं की लोकांना लोखंड, बियाणं आणि मोसंबी आठवते. मला वाटायचं, आमच्याकडं आणखीही काही आहे हे लोकांना कळावं. त्या हट्टाला मी आजही वाईट म्हणू शकत नाही. पण त्याच हट्टानं पुढं जे घडलं, ते सांगायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वीचा माघ. हरभऱ्याचा प्लॉट बघून मी बांधावरून परतत होते. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब पायाला लागून घोट्यापाशी चुणचुणत होतं. पलीकडं जवसाचा निळा तुकडा आणि त्याच्या कडेला बोरीचं जाळं. त्या जाळीमागून खराट्याचा आवाज आला. जमिनीच्या खालून. वाकून बघितलं तर बारव. तीन बाजूंनी पायऱ्या, तळाशी हिरवट पाणी, आणि पाण्यावरून जाणाऱ्या पाकोळ्या. मधल्या टप्प्यावर एक म्हातारी बाई फड्यानं पायऱ्या झाडत होती.

"कोण हाय वर?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मी जालन्याहून आले, मावशी. शेत बघायला आल्ते."

"मंग शेत तं वरच हाय. हितं काय करून राह्यली?"

ती कौसाबाई. सत्तरीच्या पलीकडची, काटकुळी. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बारवेची झाडलोट तिच्या सासूकडं होती, सासूनंतर तिच्याकडं आली. कुणी नेमलेलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. ती रोज सकाळी पायऱ्या झाडायची, उत्तरेच्या भिंतीतल्या कोनाड्यापुढं दिवा लावायची आणि तिथंच घटकाभर बसून घरी जायची.

कोनाड्यावर हिरव्या खणाचा पडदा होता. मागं काय आहे असं मी विचारलं.

"लेकुरवाळी," ती म्हणाली. "पण आता न्हाई. उद्या ये, बाराच्या आत. तवा ऊन तिच्या तोंडावर येतं. बारा वाजले की जातं."

मी उजेडाचा अभ्यास करणारी बाई. ज्या उन्हासाठी मी इतकी पुस्तकं चाळली होती, ते कुठं कधी पडतं हे जवळजवळ आंधळी झालेली कौसाबाई मला सांगत होती. पायऱ्या तापायला लागल्या की तिला कळायचं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी अकराच्या आधीच पोचले. ऊन भिंतीवरून हळूहळू सरकत कोनाड्यात शिरलं तशी कौसाबाईनं खण बाजूला केला. काळ्या दगडातली बसलेली बाई. मांडीवर मूल. बाईची मान मुलाकडं किंचित झुकलेली, आणि तिचा एक हात मुलाच्या पाठीमागं, पडू नये म्हणून धरावा तसा. चेहरा बराच झिजलेला होता. तरी त्या दिवशीच्या उन्हात ती काहीतरी गुणगुणत असावी असं वाटलं. मुलाचा डावा पाय मात्र काचेसारखा गुळगुळीत झाला होता. लेकरू आजारी पडलं, बाळंतपण अडलं, की बाया येऊन त्या पायाला हात लावायच्या. किती पिढ्यांचे हात, कोण सांगणार.

"तुमची मुलं कुठं असतात, मावशी?" मी सहज विचारलं.

"मला न्हाई झालं काई." ती कोनाड्यातली कालची फुलं गोळा करत होती. "पण मी कधी तिच्यावर रुसले न्हाई. तिच्या मांडीवर एक हाय, तेच समद्यांचं."

मी फोटो काढले. पुष्कळ काढले. कॅमेऱ्याचा आवाज झाला की कौसाबाई त्या दिशेनं तोंड करायची. शेवटी म्हणाली, "हे फोटू कोण पाह्यतंय?"

"सगळे बघतात. इंटरनेटवर टाकते मी."

"समदे म्हंजे कोण?"

मला हसू आलं.

तिनं खण परत लावला, त्याची टोकं कोनाड्याच्या खाचेत नीट खोचली आणि म्हणाली, "पाहू दे. देवाचं तोंड पाह्यल्यानं काय व्हतंय. पण गावाचं नाव नको लिहू, माय. ज्याला तिचं काम आसंल त्याला ती ठाव हाय."

मी म्हणाले, "नाही लिहिणार."

एवढं सोपं वाटलं होतं ते तेव्हा.

त्या मोसमात मी चार रविवार तिथं गेले. आठवायला बसलं की ते चार दिवस एकातून एक वेगळे काढता येत नाहीत. हुरड्याचा वास कुठल्या दिवसाचा, करडईच्या काट्यानं फाटलेली ओढणी कुठल्या दिवसाची, सांगता येणार नाही. कौसाबाई शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेली कणसं चोळून माझ्या ओंजळीत ओतायची. ओलसर, गोड, राखेची किंचित चव असलेले दाणे. गावात रफिकभाईंचं किराणा दुकान होतं, तिथं बसून चहा व्हायचा. रफिकभाई कौसाबाईच्या शेजारचे, तिचं दळण आणून देणारे, तिच्या औषधाच्या गोळ्या वेळेवर काढून देणारे. मला म्हणायचे, "मॅडम, कौसामायला देवीचा खर्चा बी न्हाई आन् पगार बी न्हाई. पण ड्युटी बिलकुल पक्की." कौसाबाई हसायची. वरचा एकच दात दिसायचा.

मला कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट त्या वेळी कळली नव्हती. फोटोत जे येतं त्याच्याच प्रेमात आपण पडतो. बारवेतला ओल्या दगडाचा वास, वर शेतात पाणी उपसणाऱ्या मोटारीचा आवाज, पायऱ्या चढताना कौसाबाई दर टप्प्यावर म्हणायची ते "आगं माय", यातलं काही फोटोत नव्हतं. फोटोत फक्त लेकुरवाळी होती, एकटी, जशी ती कधीच नसायची.

फोटो टाकला आणि तो लोकांना फार आवडला. माझ्या पानावर तोवर इतकी माणसं कधी आली नव्हती. "अप्रतिम." "हा चेहरा विसरता येत नाही." कुठं आहे म्हणून विचारणारेही पुष्कळ होते. मी प्रत्येकाला लिहायचे, स्थळ सांगू शकत नाही, क्षमस्व. दोन आठवडे मी हे पाळलं आणि पाळण्याचाही मला अभिमान वाटत होता.

मग एकानं लिहिलं की हे शिल्प जालन्यातलं नाहीच. असं काम त्या भागात मिळत नाही, बाईंनी दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातला फोटो उचलून आपला म्हणून टाकलेला दिसतो, म्हणूनच स्थळ लपवतात. त्याच्याखाली आणखी दोघांनी मान डोलावली.

तो दिवस मला स्पष्ट आठवतो. रविवारची दुपार होती, गच्चीवर तूर वाळत घातली होती आणि मी चिमण्या हाकत बसले होते. ते वाचलं आणि कान तापले. आमच्याकडं असं काही असूच शकत नाही, हे म्हणणं मी जन्मभर ऐकत आले होते. मी लिहिलं. गावाचं नाव लिहिलं. टेंभुर्णीच्या रस्त्यानं कुठं वळायचं, कुठल्या शेताच्या मागं, बोरीचं जाळं, उत्तरेची भिंत, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, खात्री करून घ्या. काही मिनिटांतच त्या माणसाचं उत्तर आलं, "क्षमा असावी. माहितीबद्दल आभार." मला जिंकल्यासारखं वाटलं. मी खाली जाऊन चहा केला.

त्या संध्याकाळी कौसाबाईची आठवण झाली. झाली नाही असं म्हणणं खोटं होईल. मी मनाशी म्हटलं, तिला वाचता येत नाही. तिला कळणार कसं? आणि कळून तरी काय होणार आहे?

पुढच्या रविवारी गेले तर बारवेपाशी दोन गाड्या उभ्या. शहरातली माणसं पायऱ्यांवर उभी राहून एकमेकांचे फोटो काढत होती. कौसाबाई कोनाड्यापाशी बसली होती, खण बाजूला धरून. तिच्या कपाळावर घाम होता.

"लई लोक येऊन राह्यले," ती मला म्हणाली. "कुठून कळलं काय की."

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली.

"येऊ दे. कोणी नारळ आणतंय, कोणी फुलं. तिला बी बरं वाटत आसंल गर्दीत."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती खूश होती, तेव्हा सांगणं सोपं गेलं असतं.

शिमगा झाला. उन्हाचा तिरपेपणा गेला आणि माझं तिकडं जाणंही थांबलं. मी दुसऱ्या गावांचे फोटो छाटत बसले होते. एके सकाळी, प्रयोगशाळेत गुंडाळ्या उलगडत असताना रफिकभाईंचा फोन आला.

"मॅडम, बारवेतली देवी ग्येली."

"गेली म्हणजे?"

"कोनाडा खाली हाय. छिन्नीनं काढलंय. खण खाली पाण्यात पडलेला. कौसामाय सकाळी दिवा लावायला गेल्ती, हात लावला तं भिंतच लागली." मग ते म्हणाले, "तुम्ही जल्दी या. पोलीस फोटू मागून राह्यले. गावात कोणापाशी बराबर फोटू न्हाई. तुमच्यापाशीच हाय."

तालुक्याच्या ठाण्यात गेले तेव्हा गावातली आठ-दहा माणसं व्हरांड्यात होती. कौसाबाई बाकाच्या टोकाला पदर डोक्यावर ओढून बसली होती. मी माझे फोटो छापून नेले होते. साहेबांनी ते टेबलावर ओळीनं मांडले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "फोटो आहेत हे बरं झालं, मॅडम. नाहीतर काय गेलं हेच लिहिता आलं नसतं." त्यांनी सरळ मनानं म्हटलं होतं. मग मूर्तीची उंची विचारली. मी इतक्या कोनांतून तिला टिपली होती, पण मोजली नव्हती. कौसाबाईनं उजवा हात पुढं केला आणि डाव्या हाताच्या बोटांनी दाखवलं, कोपरापासून मनगटापर्यंत. शिपायानं तिच्या हाताला टेप लावून आकडा लिहून घेतला.

तेवढ्यात व्हरांड्यातून एक जण आत आला. गावातलाच, तरणा. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "साहेब, ह्या बाईनंच जगाला सांगितलं. नाव टाकलं गावाचं. त्याच्याआधी इतक्या वर्षांत कोणाला ठाव न्हवतं."

खोलीत सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि कौसाबाई बाकावरून उठली.

"हिनं न्हाई सांगितलं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "माझ्यापाशी कबूल झाल्ती ती. नाव लिहिणार न्हाई म्हणली व्हती. उगं कोणाच्या लेकीबाळीवर आळ घेऊ नका."

रफिकभाई दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. तो तरुण खिशातून मोबाइल काढत होता, रफिकभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर नेलं. मी टेबलावरचे फोटो एकावर एक नीट रचत राहिले.

मूर्ती सापडली नाही. आजपर्यंत नाही.

घरी येऊन मी पानावरचा फोटो काढून टाकायला बसले होते. मग पुरातत्त्वाचं काम केलेल्या एका जाणकार गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "काढू नका. कधी कुठं विकायला आली तर फोटोवरूनच ओळखता येईल. आता तेवढाच एक धागा आहे." शिवाय तो फोटो एव्हाना माझ्याकडं राहिलाच नव्हता. किती पानांवर गेला होता, कुणीकुणी त्याच्या कोपऱ्यात आपली नावं घातली होती. गावाचं नावही त्याच्यासोबत सगळीकडं गेलं होतं. तेव्हा फोटो ठेवला. अजून लोक त्याखाली लिहितात, किती सुंदर, एकदा जायलाच हवं. मी प्रत्येकाला उत्तर देते, ती आता तिथं नाही. मग कुणी रडका चेहरा टाकतं आणि पुढं जातं.

गावात नवी संगमरवरी मूर्ती बसवायचं निघालं होतं. कौसाबाई नको म्हणाली. रफिकभाईंकरवी तिनं मला निरोप धाडला की लेकुरवाळीचा मोठा फोटो करून आण, तोच कोनाड्यात ठेवू. मी चांगल्या कागदावर मोठा करून, काचेची चौकट करून नेला. तो वैशाख होता, बारवेच्या तळाला हातभर पाणी. कौसाबाईनं चौकट मांडीवर घेतली. डोळ्यांना दिसत नव्हतंच, तिनं काचेवरून बोटं फिरवली.

"पाय कुठं हाय?"

मी तिचं बोट धरून फोटोतल्या मुलाच्या पायावर ठेवलं.

"हां," ती म्हणाली. बोट तिथून सरकलं, परत शोधायला लागलं. "समदं सारखंच लागतंय."

तरी तिनं चौकट कोनाड्यात ठेवली, नवा खण लावला आणि दिवा लावला.

गेल्या वर्षी याच दिवसांत, माघातल्या एका रविवारी, मी कॅमेरा न घेता गेले. दोन वर्षं मी त्या ठाण्यातल्या टेबलापाशीच उभी होते. कामात मन लागत नव्हतं, मोजताना दाणे चुकायचे. वाटलं, एकदा सांगून टाकलं की सुटेन. ऊन कोनाड्यात आलं होतं आणि काचेवर पडून समोरच्या भिंतीवर एक पांढरा चौकोन हलत होता. कौसाबाई पायऱ्यांवर पाठ टेकून बसली होती. आणखी वाळली होती ती. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि सांगितलं. कोण काय म्हणालं, मी काय लिहिलं, का लिहिलं. ठाण्यात गप्प का बसले तेही.

खाली पाण्यावर पाकोळ्या फिरत होत्या.

"रफिकनं मला तवाच वाचून दाखिवलं व्हतं," ती म्हणाली. "ठाण्यात जायच्या आधी."

"मग तुम्हाला माहीत होतं? आणि तरी चार लोकांत तुम्ही..."

"माह्यती न्हवतं. त्यानं वाचलं व्हतं, एवढंच. मी त्याला म्हणलं, तुला बराबर वाचता येत न्हाई, तू उर्दू साळंतला. ती पोरगी कबूल झाल्ती माझ्यापाशी." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला. "आजपस्तोर मी तेच धरून व्हते. रफिकचंच चुकलं आसंल म्हणून."

मी मान वर करू शकले नाही.

"तू आज काहून सांगितलं?" तिनं विचारलं.

रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला उत्तर माहीत होतं. मला हलकं व्हायचं होतं, म्हणून. दोन वर्षं तिनं माझ्या शब्दावर ठेवलेला भरवसा सांभाळला होता, आणि मी तो स्वतःच्या हातानं काढून घ्यायला जालन्याहून आले होते. हे मी तिला सांगू शकले नाही.

कोनाड्यातलं ऊन सरकून गेलं. कौसाबाईनं फडा काखेत धरला, तेलाची बाटली पदरात गुंडाळली आणि उठली. पायऱ्या उंच होत्या. मी हात पुढं केला. क्षणभर तो तसाच राहिला, मग तिनं धरला, कारण भिंत दुसऱ्या बाजूला होती आणि आसपास दुसरं कुणी नव्हतं. आम्ही एकेक पायरी चढत वर आलो. प्रत्येक टप्प्यावर ती थांबली, पण "आगं माय" म्हणाली नाही. वर सपाटी लागल्यावर तिनं हात सोडला, पायानं वाट चाचपली आणि गावाकडं चालायला लागली. मी थांबा म्हटलं नाही, तिनंही मला चल म्हटलं नाही. हरभऱ्याच्या शेताच्या कडेकडेनं ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिथं उभी होते.